विंडो गेली कुठे?

‘एक्सेल उघडलं होतं, बंद केलं नाही, तरी दिसत नाही.’ ‘विंडो दुसऱ्या डेस्कटॉपवर टाकली, पण मी इथेच राहिलो.’ ‘लिंकवर क्लिक केलं आणि भलत्याच डेस्कटॉपवर जाऊन पडले.’ महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास, म्हणजे जीएसटीच्या जीएसटीआर-१ आणि ३-बी या विवरणपत्रांच्या दिवसांत, असे प्रश्न हमखास येतात. विचारणारे सगळ्या प्रकारचे असतात. नागपूरच्या इतवारीतल्या दुकानांचे हिशेब बघणारे अकाउंटंट, रामदासपेठेत सीएची आर्टिकलशिप करणारी मुलं, मिहानमधल्या कंपनीचं काम घरून करणारे, आणि हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापुढे ऑनलाइन सुनावणीला बसणारे वकीलही. लॅपटॉपचा पडदा १४-१५ इंचांचा, उघडलेल्या विंडो डझनभर. अशा वेळी आभासी डेस्कटॉप फार कामाला येतो. पण विंडो एका डेस्कटॉपवरून दुसऱ्यावर कशी न्यायची, हे नीट ठाऊक नसेल तर मदत कमी आणि शोधाशोध जास्त होते.

आधी एवढं लक्षात घ्या

आभासी डेस्कटॉप म्हणजे एकाच पडद्यावरची वेगवेगळी मांडणी. एकावर टॅली आणि एक्सेल, दुसऱ्यावर जीएसटीचं पोर्टल आणि बँकेची साइट, तिसऱ्यावर व्हॉट्सॲप आणि मेल. त्याबाबत तीन गोष्टी पक्क्या करा.

- हलते ती विंडो, टॅब नाही. क्रोममध्ये पंधरा टॅब असतील तर ते सगळे एकत्रच जातील. एकच टॅब हलवायचा असेल तर तो आधी माउसने खाली ओढून स्वतंत्र विंडो करा, मग हलवा.
- दुसऱ्या डेस्कटॉपवर गेलेली विंडो बंद होत नाही, झोपतही नाही. ती तेवढीच मेमरी खाते. मशीन हळू चालतं म्हणून डेस्कटॉप वाढवण्यात अर्थ नाही.
- वर्डच्या तीन फाइली तीन डेस्कटॉपवर ठेवता येतात, पण एखाद्या विंडोतून उघडलेला ‘सेव्ह ॲज’चा चौकोन त्या विंडोसोबतच राहतो. तो वेगळा हलवायचा प्रयत्न करू नका.

पाठवायची की घेऊन जायची?

सगळा गोंधळ इथेच आहे. पाहुण्याला दारातून रिक्षात बसवून देणं वेगळं आणि स्टेशनपर्यंत सोडायला जाणं वेगळं. विंडोचंही तसंच आहे. कधी तुम्हाला ती नुसती दूर करायची असते, व्हॉट्सॲपसारखी. कधी तिच्यासोबत जाऊन तिथेच काम सुरू करायचं असतं. विंडोज, मॅक, लिनक्स या तिघांनी याची वेगवेगळी उत्तरं ठरवली आहेत, आणि कोणीही पहिल्या दिवशी तुम्हाला विचारत नाही. त्यामुळे एका मशीनची सवय दुसऱ्यावर दगा देते.

आमच्या मते चांगल्या विंडो मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडो मांडणाऱ्या आणि हलवणाऱ्या यंत्रणेत, दोन्हीसाठी दोन वेगळ्या आज्ञा हव्यात आणि दोन्ही कीबोर्डवरून देता यायला हव्यात. दुसरं म्हणजे, दुसऱ्या डेस्कटॉपवरच्या विंडोला तुमचं लक्ष हवं असेल तर तिने सूचना द्यावी. तुम्हाला फरफटत तिकडे नेऊ नये. या दोन कसोट्यांवर पूर्ण उतरेल असं फारसं काही नाही. लिनक्सवरचं केडीई सगळ्यात जवळ जातं. विंडोज पहिल्याच कसोटीला अडखळतं आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या टेबलावर तेच आहे, म्हणून तिथून सुरुवात करू.

विंडोज १० आणि ११

आभासी डेस्कटॉपची सोय २०१५ साली विंडोज १० सोबत आली. त्यासाठी काही विकत घ्यायचं नाही, होम आवृत्तीतही ती आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, पण अजून तेच वापरत असाल तरी खालच्या पायऱ्या जवळपास तशाच आहेत.

१. विंडोज-कंट्रोल-डी दाबा. नवा डेस्कटॉप उघडेल आणि तुम्ही त्यावर जाल. नुसतं विंडोज-डी दाबलंत तर सगळ्या विंडो खाली बसतात, नवा डेस्कटॉप होत नाही. पहिल्या दिवशी ही चूक बहुतेकांकडून होते.
२. विंडोज-कंट्रोल आणि डावा किंवा उजवा बाण: डेस्कटॉप बदलतो. टचपॅडवर चार बोटं आडवी फिरवूनही बहुतेक नव्या लॅपटॉपवर हेच होतं.
३. विंडो हलवायची असेल तर विंडोज-टॅब दाबा. मधे विंडो दिसतील, एका कडेला डेस्कटॉपची छोटी चित्रं. हवी ती विंडो ओढून हव्या त्या चित्रावर सोडा. ‘न्यू डेस्कटॉप’वर सोडलीत तर नवा डेस्कटॉप तयार होऊन ती तिथे जाईल.
४. ओढायचं नसेल तर त्याच दृश्यात विंडोवर राइट क्लिक करा आणि ‘मूव्ह टू’मधून डेस्कटॉप निवडा.

दोन्ही मार्गांनी विंडो जाते, तुम्ही मात्र आहात तिथेच राहता. तिच्यामागे जायचं असेल तर त्या डेस्कटॉपच्या चित्रावर क्लिक करा.

आणि शॉर्टकट? विंडो थेट दुसऱ्या डेस्कटॉपवर पाठवणारा शॉर्टकट विंडोजने दिलेलाच नाही. इतकी वर्षं झाली, डेस्कटॉपला वेगवेगळी वॉलपेपरं आली, नावं देता येऊ लागली, पण रोज लागणारी ही एक गोष्ट आली नाही. विंडोज-शिफ्ट-बाण दाबून बघणारे बरेच असतात. तो शॉर्टकट विंडो एका मॉनिटरवरून दुसऱ्या मॉनिटरवर नेतो. एकच मॉनिटर असेल तर काहीच होत नाही आणि आपला कीबोर्ड बिघडला असं वाटतं. माउस नको असेल तर लांबचा रस्ता आहे: विंडोज-टॅब, बाणांनी विंडो निवडा, शिफ्ट-एफ१० दाबून मेनू उघडा आणि त्यात ‘मूव्ह टू’ घ्या.

काही विंडो सगळीकडे हव्या असतात, उदाहरणार्थ कॅल्क्युलेटर किंवा मीटिंगची विंडो. विंडोज-टॅबच्या दृश्यात तिच्यावर राइट क्लिक करून ‘शो धिस विंडो ऑन ऑल डेस्कटॉप्स’ निवडा. त्याखालचा ‘शो विंडोज फ्रॉम धिस ॲप’ हा पर्याय त्या ॲपच्या सगळ्याच विंडोंना लागू होतो. एक्सेलसाठी तो चुकून निवडलात तर प्रत्येक डेस्कटॉपवर सगळ्याच एक्सेल फाइली उभ्या राहतील आणि वेगवेगळे डेस्कटॉप करण्याचा हेतूच संपेल.

हरवलेली विंडो आणि दोन सेटिंग

विंडोज आपल्या मनाने असं धरून चालतं की ज्या डेस्कटॉपवर तुम्ही आहात तिथल्याच विंडो टास्कबारवर आणि आल्ट-टॅबमध्ये दिसाव्यात. म्हणून दुसरीकडची एक्सेल फाइल बंद झाल्यासारखी वाटते. हे बदलता येतं. सेटिंग्ज, सिस्टिम, मल्टिटास्किंग आणि तिथे डेस्कटॉप्स असा मार्ग आहे. दोन वेगळे प्रश्न विचारलेले असतात, एक टास्कबारचा आणि एक आल्ट-टॅबचा.

नव्याने वापरणाऱ्यांनी आल्ट-टॅबसाठी ‘ऑल डेस्कटॉप्स’ निवडावं आणि टास्कबारला हात लावू नये. टास्कबार मोकळा राहतो, आणि विंडो सापडेनाशी झाली की आल्ट-टॅब दाबून ती कुठेही असली तरी निवडता येते. निवडल्यावर विंडोज तुम्हाला तिच्या डेस्कटॉपवर घेऊन जातं, एवढं ध्यानात असू द्या. आधीच उघडलेल्या व्हॉट्सॲपसारख्या ॲपच्या आयकॉनवर क्लिक केलं तरी असंच होतं. ते तुमच्याकडे येत नाही, तुम्हीच त्याच्याकडे जाता.

लिंकांबद्दल एक तोडगा. मेलमधली लिंक कोणत्या ब्राउझर विंडोत उघडेल याचा नेम नसतो. प्रत्येक डेस्कटॉपवर ब्राउझरची एक स्वतंत्र विंडो उघडी ठेवलीत तर भलतीकडे जाण्याचे प्रसंग बरेच कमी होतात.

मशीन बंद करून सुरू केलं की डेस्कटॉप आणि त्यांची नावं शिल्लक राहतात, पण कोणती विंडो कुठे होती हे विंडोज लक्षात ठेवत नाही. म्हणून सात-आठ डेस्कटॉपची रचना करत बसू नका. रोज सकाळी ती पुन्हा उभी करावी लागेल. दोन-तीन पुरे.

दुसरा मॉनिटर जोडला असेल तर

विंडोजमध्ये डेस्कटॉप बदलला की सगळे मॉनिटर एकदम बदलतात. डावीकडच्या मोठ्या मॉनिटरवर टॅली कायम राहू द्यायची आणि लॅपटॉपचा पडदा तेवढा बदलायचा, असं सरळ होत नाही. त्यावर उपाय म्हणजे मोठ्या मॉनिटरवरची विंडो ‘ऑल डेस्कटॉप्स’वर लावून टाकायची. मग तुम्ही कितीही डेस्कटॉप फिरलात तरी ती जागची हलत नाही.

मॅकवर प्रत्येक मॉनिटरचे डेस्कटॉप स्वतंत्र असू शकतात. ‘डिस्प्लेज हॅव्ह सेपरेट स्पेसेस’ ही सेटिंग बदलल्यावर लॉगआउट करावं लागतं. लिनक्सच्या नोम मांडणीत सुरुवातीला मुख्य पडदाच बदलतो, दुसरा तसाच राहतो. आमच्या मते रोजच्या हिशेबाच्या कामाला नोमची ही पद्धत सगळ्यात सोयीची.

मॅक

कंट्रोल आणि वरचा बाण दाबला की मिशन कंट्रोल उघडतं. विंडो ओढून वरच्या पट्टीतल्या डेस्कटॉपवर टाका. तुम्ही जागीच राहता. घेऊन जायची असेल तर विंडोचा मथळा माउसने दाबून धरा आणि कंट्रोल-डावा किंवा उजवा बाण दाबा. विंडो आणि तुम्ही दोघेही पलीकडे. विंडो पडद्याच्या कडेला नेऊन क्षणभर थांबलात तरी हेच होतं, आणि नको असताना होतं तेव्हा वैताग येतो.

हिरव्या बटणाने पूर्ण पडदा व्यापलेली विंडो स्वतःच एक स्वतंत्र जागा होऊन बसते. ती दुसऱ्या डेस्कटॉपवर जात नाही. आधी पूर्ण पडद्यातून बाहेर या. आणि डेस्कटॉपचा क्रम आपोआप बदलत असेल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘ऑटोमॅटिकली रीअरेंज स्पेसेस’ बंद करा. ही सेटिंग सुरुवातीपासून चालू का असते, हे कोडंच आहे. तिसऱ्या डेस्कटॉपवर ठेवलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी दुसऱ्यावर असेल तर हाताला सवय लागायची कशी?

एखादं ॲप ठरलेल्या डेस्कटॉपवरच उघडावं असं वाटत असेल तर डॉकवरच्या त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून ‘ऑप्शन्स’मध्ये ‘धिस डेस्कटॉप’ निवडा. विंडोजमध्ये अशी सोय मुळात नाही.

लिनक्स

उबंटूवर आणि नोम असलेल्या इतर मांडण्यांवर सुपर-शिफ्ट-पेजडाउन दाबा. विंडो पुढच्या वर्कस्पेसवर जाते आणि तुम्हीही तिच्यासोबत जाता. सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ. नोम रिकामे वर्कस्पेस आपोआप काढून टाकतं, त्यामुळे त्यांचे क्रमांक सरकतात. हे खटकत असेल तर सेटिंग्जच्या मल्टिटास्किंगमध्ये वर्कस्पेसची संख्या कायम करून टाका.

केडीईमध्ये दोन्ही आज्ञा खरोखर वेगळ्या आहेत. ‘विंडो वन डेस्कटॉप टू द राइट’ तुम्हाला सोबत नेते, ‘विंडो टू डेस्कटॉप २’ विंडो पाठवते आणि तुम्हाला जागीच ठेवते. शॉर्टकटच्या सेटिंगमध्ये दोन्हींना हव्या त्या कळा द्या. शिवाय, विशिष्ट प्रोग्रॅम कायम ठरलेल्या डेस्कटॉपवर उघडावा असा नियम विंडो रूल्समधून करता येतो. जुन्या मशीनवर एक्सएफसीई वापरत असाल तर ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’ उघडा. दुसऱ्या वर्कस्पेसवरची विंडो स्वतःहून पुढे यायला लागली तर काय करायचं, हे तिथे ठरवता येतं: तिला इकडे आणायचं, आपण तिकडे जायचं, की काहीच करायचं नाही. शेवटचा पर्याय निवडा. विंडो ओढताना चुकून कडेला लागून वर्कस्पेस बदलत असेल तर तेही विंडो मॅनेजरच्या सेटिंगमधून बंद करता येतं.

मराठी टायपिंग करणाऱ्यांसाठी

डेस्कटॉप बदलताना होणाऱ्या टायपिंगच्या घोटाळ्याबद्दल कुठे फारसं लिहिलेलं दिसत नाही, आणि आपल्याकडे त्रास सगळ्यात जास्त याचाच. दुसऱ्या डेस्कटॉपवर वर्डमध्ये इनस्क्रिप्टने मराठी अर्ज टाइप करताय. मधेच बँकेच्या साइटवर जाता, पासवर्ड घालता आणि तो चुकतो. पुन्हा घालता, पुन्हा चुकतो. पासवर्ड टिंबांत दिसतो, त्यामुळे आपण देवनागरीत टाइप करतोय हे कळतच नाही. बँकेच्या साइटी ठरावीक वेळा पासवर्ड चुकला की खातं लॉक करतात, आणि मग वीस तारखेला शाखेची वारी.

कारण साधं आहे. विंडोजमध्ये कीबोर्डची भाषा सुरुवातीला पूर्ण मशीनसाठी एकच असते. डेस्कटॉप बदलला तरी ती बदलत नाही. उपाय असे.

- विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग आणि तिथे ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज उघडा. प्रत्येक विंडोसाठी वेगळी टायपिंग भाषा ठेवण्याचा पर्याय तिथे आहे, त्यावर खूण करा. मग वर्डची विंडो मराठीत राहील आणि ब्राउझर इंग्रजीत.
- नोममध्ये अशीच सोय कीबोर्डच्या सेटिंगमध्ये आहे. केडीईमध्ये तर कीबोर्डची भाषा विंडोऐवजी थेट डेस्कटॉपला जोडता येते. एक डेस्कटॉप मराठी, एक इंग्रजी, आणि त्यावर नेलेली प्रत्येक विंडो त्या भाषेत. दोन भाषांत काम करणाऱ्यांसाठी यापेक्षा नेमकी सोय दुसरीकडे आढळली नाही.
- जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांचं स्वतःचं टायपिंग सॉफ्टवेअर असेल तर ही सेटिंग त्याला लागू होईल असं गृहीत धरू नका. सीताबर्डीतल्या डीटीपीवाल्यांनी ब्राउझरकडे जाण्याआधी ते हाताने बंद करण्याची सवय ठेवावी.
- काहीही केलं तरी पासवर्ड घालण्याआधी टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यात भाषा मराठी आहे की इंग्रजी, हे बघा. विंडोज-स्पेस दाबून भाषा बदलते.

ऑनलाइन सुनावणी आणि स्क्रीन शेअर

वकिलांसाठी हा भाग महत्त्वाचा. सुनावणीची विंडो एका डेस्कटॉपवर, प्रकरणाची पीडीएफ दुसऱ्यावर, आणि दुसऱ्या अशिलाचं काम तिसऱ्यावर अशी मांडणी सोयीची असते. पण तुम्ही पूर्ण स्क्रीन शेअर करत असाल तर डेस्कटॉप बदलताक्षणी समोरच्यांना नवा डेस्कटॉप दिसतो. त्यावर दुसऱ्या अशिलाची फाइल उघडी असेल तर तीही दिसते. विंडोज-टॅब दाबलंत तर एकदम सगळ्याच विंडोंची छोटी चित्रं दिसतात. म्हणून:

- पूर्ण स्क्रीनऐवजी फक्त एक विंडो शेअर करा.
- शेअर केलेली विंडो ज्या डेस्कटॉपवर आहे तिथेच थांबा. तुम्ही दूर गेलात की काही ॲपमध्ये समोरच्यांना चित्र थिजलेलं दिसतं. आदल्या दिवशी एखाद्या सहकाऱ्यासोबत तपासून बघा.
- सुनावणीची विंडो ‘ऑल डेस्कटॉप्स’वर लावा. पुकारा झाला आणि माइक सुरू करायची विंडो दुसरीकडे, अशी धांदल टळते.

सीए ऑफिसातही अशीच एक खबरदारी हवी. डिजिटल सहीचा टोकन लावून सही करताना पिन मागणारी विंडो यायला कधीकधी वेळ लागतो. तेवढ्यात डेस्कटॉप बदलू नका. ती मागे राहून जाते आणि पोर्टल तुमची वाट बघत बसतं. तसं झालंच तर विंडोज-टॅब दाबून प्रत्येक डेस्कटॉपचं चित्र बघा. सही पुन्हा सुरू करण्याची घाई नको.

लपवण्यासाठी वापरू नका

आभासी डेस्कटॉप म्हणजे कुलूप नव्हे. कॉपी केलेला मजकूर सगळ्या डेस्कटॉपवर पेस्ट होतो, फाइली सगळ्यांना त्याच दिसतात. घरचा लॅपटॉप मुलांनाही द्यायचा असेल, किंवा ऑफिसात एकाच मशीनवर दोघे काम करत असतील तर वेगळं यूजर अकाउंट करा. अशिलाची किंवा ग्राहकाची कागदपत्रं गुप्त ठेवणं ही तुमची व्यावसायिक जबाबदारी आहे आणि त्यासाठी दुसरा डेस्कटॉप पुरेसा नाही. उठून जाताना विंडोज-एल दाबा, सगळे डेस्कटॉप एकदम लॉक होतात.

कंपनीच्या लॅपटॉपवर आभासी डेस्कटॉप वापरायला सहसा ॲडमिनची परवानगी लागत नाही, ती सोय यंत्रणेतच असते. मात्र विंडोजची शॉर्टकटची उणीव भरून काढायला इंटरनेटवरून छोटे प्रोग्रॅम उतरवून घेण्याआधी आयटी विभागाला विचारा. आणि कंपनीने मशीनवर देखरेखीचं सॉफ्टवेअर बसवलं असेल तर ते दुसऱ्या डेस्कटॉपवरही तेवढंच बघतं.

मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संग्रहात ‘डेस्कटॉप्स’ नावाचा एक जुना, फुकट प्रोग्रॅम आहे. तो चार डेस्कटॉप देतो आणि अनेकांना मोह होतो. पण त्यात एकदा उघडलेली विंडो एका डेस्कटॉपवरून दुसऱ्यावर नेताच येत नाही, कारण तो विंडोला जन्मापासून एकाच डेस्कटॉपशी बांधतो. आपल्या कामासाठी तो घेऊ नका.

अडलंच तर

- विंडो दिसत नाही: विंडोज-टॅब दाबा आणि प्रत्येक डेस्कटॉपच्या चित्रावर माउस नेऊन बघा. क्लिक करायची गरज नाही.
- डेस्कटॉप जास्त झाले: नको त्यावर जाऊन विंडोज-कंट्रोल-एफ४ दाबा. त्यावरच्या विंडो बंद होत नाहीत, शेजारच्या डेस्कटॉपवर सरकतात. नुसतं आल्ट-एफ४ दाबलंत तर मात्र समोरचा प्रोग्रॅमच बंद होईल.
- नाव दिलं तर डेस्कटॉप ओळखू येतात: विंडोज-टॅबच्या दृश्यात चित्राखालच्या नावावर क्लिक करून ‘जीएसटी’, ‘कोर्ट’ असं लिहा. विंडोज १० मध्ये मे २०२०च्या किंवा त्यानंतरच्या आवृत्तीतच हे जमतं.
- स्क्रीन उलटी झाली: लिनक्सच्या सवयीने जुन्या इंटेल ग्राफिक्सच्या विंडोज मशीनवर कंट्रोल-आल्ट-बाण दाबला असेल. कंट्रोल-आल्ट आणि वरचा बाण दाबा, सरळ होईल.